जिथे हात पोचत नाही तिथला जोड

बाथटबला भोकं दोनच. एक तळाला, पाणी सोडून द्यायला. दुसरं वरच्या काठापासून चार-सहा बोटं खाली, नळ बंद करायचा राहिला तर जादा पाणी बाहेर काढायला. पहिल्याला प्लंबर वेस्ट म्हणतात, दुसऱ्याला ओव्हरफ्लो. टबात उभं राहून पाहिलं तर दोन्हीकडे क्रोमची एकेक चकती दिसते आणि काम किरकोळ वाटतं. खरा कारभार चकतीच्या मागे आहे. ओव्हरफ्लोच्या भोकामागे एक एल्बो बसतो, त्यातून उभी नळी खाली येते. तळाच्या भोकाखाली दुसरा एल्बो असतो, त्यातून आडवी नळी निघते. दोन्ही नळ्या एका टीमध्ये मिळतात, टीचं खालचं तोंड ट्रॅपमध्ये उतरतं आणि ट्रॅपमधून पाणी डक्टमधल्या उभ्या पाइपाकडे जातं.

ही रचना डोळ्यांपुढे आणली की एक गोष्ट लगेच कळते. ओव्हरफ्लोचं पाणी फक्त बुचाला वळसा घालतं. पुढची वाट दोघांची एकच. ट्रॅप केसांनी आणि साबणाने तुंबला असेल, तर ओव्हरफ्लो असून नसल्यासारखा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टबाच्या तळाशी एक, ओव्हरफ्लोशी एक, टीला तीन आणि ट्रॅपला एक-दोन असे सहा-सात जोड हातभर जागेत गोळा झालेले असतात, आणि ती जागा बाथरूममधली सगळ्यात अडचणीची जागा असते.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ही अडचण कशी तयार होते ते पाहू. मुंबई-पुण्याकडे बाथरूमचा स्लॅब बऱ्याच ठिकाणी बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप अंथरतात आणि वर ब्रिकबॅट कोबा भरून फरशी करतात. टब येतो साडेपाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद. तो तीन भिंतींच्या कोनाड्यात सरकवतात. चौथ्या, उघड्या बाजूला गवंडी विटांचा आडोसा घालतो आणि त्यावर टाइल लावतो. आता टबाच्या तळाखाली जेमतेम वीतभर पोकळी राहिली, आणि वेस्टचं टोक नेमकं भिंतीकडच्या कोपऱ्यात गेलं. वरून हात जात नाही, समोरून वीट आहे, मागे शेजारची खोली आणि खाली दुसऱ्याचं घर. यापुढे एखादा जोड थेंबभर जरी गळला, तरी तो आधी खालच्या मजल्यावरच्या छताला दिसतो, मग आपल्याला.

म्हणून या कामाचा पाया एका प्रश्नात आहे: या जोडाला पुन्हा हात लावायची वेळ येईल का? जोड दोन जातींचे असतात. एक नट आणि रबरी वॉशरचा. तो हाताने आवळता येतो, सोडवता येतो, थोडा इकडेतिकडे सरकवता येतो. बसवताना हा फार सोयीचा, पण कालांतराने वॉशर कडक होतो, नट ढिला पडतो आणि पुन्हा आवळावा लागतो. दुसरा सोल्युशनने चिकटवलेला पीव्हीसीचा जोड. सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. तो नीट बसला तर कायमचा बसला, चुकला तर कापूनच काढावा लागतो. पहिल्या जातीचा जोड जिथे हात पोचतो तिथेच ठेवायचा आणि जो पुरला जाणार आहे तो दुसऱ्या जातीचाच हवा. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल प्लंबिंग कोडमध्ये हाच विचार नियम म्हणून लिहिलेला आहे: झाकलेल्या जागेत नट-वॉशरचे जोड असतील तर तिथे सर्वात लहान बाजू निदान 12 इंचांची असेल असं दार किंवा तेवढी मोकळी जागा ठेवावी. 12 इंच म्हणजे आपली एक फुटी टाइल. दोन हात आणि एक टॉर्च आत जाण्यासाठी यापेक्षा कमी जागा पुरत नाही.

सर्वात सुखाचं काम म्हणजे टब अजून भिंतीला लागलेलाच नाही ते. तेव्हा टब गोधडीवर किंवा पुठ्ठ्यावर कुशीवर आडवा करायचा आणि वेस्ट-ओव्हरफ्लोची सगळी जोडणी बाहेरच करून घ्यायची. तळाच्या भोकाला खालून रबरी वॉशर आणि एल्बो, वरून चकतीच्या कडेखाली सिलिकॉनची सलग गोल रेघ, आणि मग चकती एल्बोमध्ये पिळायची. इथे आपल्याकडच्या दोन सवयी सोडायला हव्यात. एक म्हणजे चकतीभोवती पांढरं सिमेंट भरणं. बेसिनच्या दगडी कट्ट्यावर ते चालून जातं. अ‍ॅक्रिलिकचा टब मात्र माणूस बसला की किंचित वाकतो, सिमेंट वाकत नाही, आणि त्यात केसाएवढी चीर पडते. दुसरी सवय म्हणजे तेलकट पुट्टी. तिच्यातलं तेल अ‍ॅक्रिलिकला मानवत नाही, कित्येक टब-उत्पादक ती वापरू नका असं स्पष्ट लिहितात. ओतीव लोखंडाच्या एनॅमल टबाला पुट्टी ठीक. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉनच.

ओव्हरफ्लोच्या मागे बसणारा रबर बऱ्याच संचांत एकसारख्या जाडीचा नसतो. एक बाजू जाड, एक पातळ. टबाची भिंत वर जाताना बाहेर झुकते आणि एल्बोचं तोंड उभं असतं, त्यामुळे दोघांमधली फट खाली जास्त आणि वर कमी असते. जाड बाजू खाली यायला हवी. उलटा बसवला तरी स्क्रू आवळले जातात आणि चकती सरळ दिसते, म्हणून ही चूक डोळ्यांना सापडत नाही. टब काठोकाठ भरेल त्या दिवशीच ती सापडते.

मग येतो टब खाली उतरवण्याचा क्षण. टीचं खालचं तोंड जमिनीतल्या पाइपात बरोबर शिरलं पाहिजे, आणि तेव्हा खाली पाहायला जागाच नसते. टबाच्या तळाचा कागदी नमुना आधी कापून घ्यावा, त्यावर वेस्टचा मध्य खुणावावा, नमुना कोनाड्यात अंथरून ओळंब्याने तो बिंदू जमिनीवर उतरवावा. जमिनीतल्या पाइपाच्या तोंडाशी रबरी रिंगचा सॉकेट ठेवला तर नळीला साबणाचं पाणी लावून ती सरळ आत ढकलता येते, सोल्युशनची घाई करावी लागत नाही. मधोमध मोकळ्या उभ्या राहणाऱ्या टबांसाठी परदेशात याच कल्पनेवर तयार संच मिळतात: फरशीत आधीच बसवलेलं रबरी तोंड, टबाखाली पितळी नळी, आणि टब वरून उतरवला की जोड आपोआप बसतो. आपल्याकडे अशा टबांबरोबर बहुतेक वेळा वळ्यावळ्यांची लवचीक नळी येते. प्लंबरना ती आवडते, कारण जमिनीतलं तोंड चार इंच इकडेतिकडे असलं तरी भागतं. मला ती पटत नाही. तिच्या वळ्यांत केस आणि साबण अडकतात, मधेच झोळ पडून पाणी साचतं, आणि ती नेमकी अशा ठिकाणी असते जिथे साफ करायला कोणी जाऊ शकत नाही. वापरायचीच असेल तर आखूड, ताणलेली आणि दाराच्या समोर येईल अशी ठेवावी.

पण बहुतेक घरांत गोष्ट इतकी सोपी नसते. टब बसलेला आहे, टाइल लागलेल्या आहेत, जुना वेस्ट गंजलाय किंवा ओव्हरफ्लोचा रबर कुजलाय, आणि हाताशी आहे ती एक फुटी खिडकी. काही घरांत ती आडोशाच्या टाइलमागे असते, काही ठिकाणी भिंतीपलीकडच्या कपाटाच्या पाठीत. ती नसेल तर करावी लागते, आणि करायची असेल तर वेस्टच्या टोकाला, जमिनीपासून टबाच्या निम्म्या उंचीपर्यंत. ग्राइंडरने ग्राउटच्या रेघांवरूनच कापावं. छिन्नी टबाच्या दिशेने मारू नये. अ‍ॅक्रिलिकला आतून बसलेला एक टोला पुढे चीर होऊन बाहेर येतो.

या कामाला दोन माणसं लागतात. एक टबात उकिडवा, एक खिडकीशी कुशीवर पडलेला. सगळे भाग आधी बाहेर कोरडे जोडून पाहावेत, नळ्या मापाने कापाव्यात आणि प्रत्येक जोडावर मार्करने आडवी खूण करावी, म्हणजे आत अंधारात तीच खूण जुळली की कोन बरोबर. टीचे नट अर्धवट सैल ठेवून अख्खा सांगाडा खिडकीतून आत सरकवायचा. खालचा माणूस एल्बो वॉशरसकट टबाच्या तळाला दाबून धरतो. वरचा चकतीचे आटे लावतो, आणि ते लावताना आधी उलटं फिरवतो. चकती डावीकडे हळू फिरवत राहिलं की एका क्षणी आटे एकमेकांत उतरल्याचा बारीक टक् असा हादरा बोटांना लागतो. तिथून उजवीकडे वळायचं. हा हादरा न शोधता जोर लावला तर पितळी आटे आडवे चढतात आणि नवीन वेस्ट तिथेच वाया जातो. खालून आवाज येतो, ‘‘धरलंय दादा, फिरवा.’’ वरून उत्तर जातं, ‘‘वॉशर सरकला तर सांग रे, थांबतो मी.’’ तळाची चकती बसली, मग ओव्हरफ्लोचे स्क्रू, आणि शेवटी टीचे नट. हा क्रम उलटा केला, टी आधी घट्ट केली, तर दोन्ही भोकांशी एल्बो तिरके ओढले जातात आणि रबर एका बाजूने उघडा राहतो.

ओव्हरफ्लोच्या बाबतीत एक हातखंडा सगळ्यांनी शिकून ठेवावा. जुनी चकती काढायच्या आधी मागचा एल्बो निसटून खाली जाणार नाही याची सोय करायची. एक स्क्रू काढून त्या भोकातून पक्का दोरा किंवा पातळ तार मागच्या एल्बोच्या भोकात ओवायची, मग दुसरा स्क्रू सोडवायचा. नवा जाड रबर घातल्यावर मूळचे स्क्रू पुष्कळदा एल्बोपर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्याच आट्यांचे पण जास्त लांबीचे दोन स्क्रू घेऊन आधी एल्बो जवळ ओढून घ्यायचा, रबर दबला की एकेक काढून मूळचे स्क्रू लावायचे. हे काम संपूर्णपणे टबाच्या आतून होतं, मागे खिडकी नसली तरी.

खिडकी नसेलच, आणि करणंही शक्य नसेल, तर मात्र हाव धरू नये. वरून फक्त चकती, बूच आणि ओव्हरफ्लोचा रबर एवढंच बदलता येतं. चकती उघडताना तिच्या आतली आडवी जाळी तुटली तर पान्याला धरायला काही उरत नाही, म्हणून बसेल असाच पाना शोधावा आणि जुन्या सिलिकॉनला धारदार पातीने आधी मोकळं करावं. सर्वात मोठा धोका चकती सुटल्यावर असतो. खालचा एल्बो आता केवळ नळ्यांच्या आधाराने लोंबकळतोय, त्यावरचा वॉशर घडी पडून सरकू शकतो. भोकातून बोट घालून वॉशर गोल फिरवून चाचपावा, टबाच्या तळाला सगळीकडून टेकलाय ना ते पाहावं. मोबाइलचा कॅमेरा चालू करून भोकाशी धरला की अंधारातलंही बरंच दिसतं. खिडकी नसलेल्या टबाला बूच निवडतानाही हाच विवेक हवा. ओव्हरफ्लोच्या चकतीला मूठ असते आणि मागून तार फिरून खालचं बूच उघडतं, तो प्रकार देखणा आहे, पण त्याची यंत्रणा भिंतीमागे आहे. पायाच्या बोटाने दाबायचं किंवा हाताने उचलून फिरवायचं बूच वरूनच पिळून काढता येतं.

ट्रॅपबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे घोटाळा तिथे होतो. 1775 साली लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी शौचकूपासाठी वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. नळीच्या वाकात पाणी साठून राहतं आणि गटारातली हवा घरात येत नाही, ही युक्ती आजही प्रत्येक बेसिनखाली आणि टबाखाली तशीच काम करते. आपल्याकडे निदान 50 मिलीमीटर उंचीचं पाणी ट्रॅपमध्ये धरतात. आता भारतीय बाथरूममध्ये जमिनीत नहाणी ट्रॅप असतोच. टबाचा वेस्ट त्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडायचा आणि शिवाय टबाखाली स्वतःचा वेगळा ट्रॅपही लावायचा, असं अनेक जण जास्त सुरक्षित म्हणून करतात. त्याने उलट होतं. दोन पाण्यांच्या मधे हवा कोंडते, टब सावकाश रिकामा होतो आणि घुरघुर आवाज येतो. एका वाटेवर एकच ट्रॅप. ट्रॅपपासून पुढच्या आडव्या पाइपाला मीटरमागे दोन सेंटिमीटर ढाळ पुरतो.

नहाणी ट्रॅपच्या या पद्धतीत एक शहाणपण मात्र आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. टबाखालची जमीन आधीच वॉटरप्रूफ करून तिचा ढाळ त्याच ट्रॅपकडे दिला, तर एखादा जोड पुढेमागे गळला तरी ते पाणी ट्रॅपमध्ये जातं, खालच्या मजल्याकडे नाही. टब येणारच आहे म्हणून खालची फरशी आणि कोबा अर्धवट सोडणारे कंत्राटदार ही दुसरी संरक्षक भिंतच काढून घेतात. टबाखालचा भाग कोणी पाहणार नाही हे खरं, पण घराला वाचवायला शेवटी तोच असतो.

अमेरिकेत घराची जातच वेगळी. न्यू जर्सीतल्या दुमजली लाकडी घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या टबाखाली स्लॅब नसून लाकडी तुळया असतात, आणि त्यांच्याखाली जेवणघराचं जिप्समचं छत. तिथे भिंतीमागून जागा मिळाली नाही तर छत चौकोनी कापून खालून काम करतात आणि नंतर तुकडा बसवून रंगवतात. दोन्ही मजले एकाच घराचे असल्यामुळे हे जमतं. टेक्सास-फ्लोरिडाकडे थेट जमिनीवर काँक्रीटचा थर ओतून घरं बांधतात. तिथे ओतण्यापूर्वीच टबाच्या ट्रॅपच्या जागी साधारण फूटभर चौकोनी खोका ठेवतात, म्हणजे नंतर ट्रॅप जुळवायला मोकळी जागा राहते. आपल्या इमारतींत यातलं काहीच हाताशी नाही. खालचं छत शेजाऱ्याचं, आणि कोबा एकदा भरला की भरला. म्हणून आपल्याकडे आडोशातली खिडकी हाच एक मार्ग उरतो.

विटांचा आडोसा पूर्ण करण्याआधी चाचणी. आणि ती एक बादली ओतून होत नाही. सिलिकॉन घट्ट व्हायला एक पूर्ण दिवस द्यावा. मग बूच लावून टब ओव्हरफ्लोच्या खालच्या कडेपर्यंत भरावा. एवढ्या टबात दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावतं, म्हणजे तितकेच किलो वजन. तळ थोडा खाली बसतो आणि जोडांवर खरा ताण येतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून रात्रभर थांबावं. कागदावर ओलीची कडा लगेच दिसते, हाताला न जाणवणारा थेंबसुद्धा लपत नाही. सकाळी नळ पूर्ण सोडून ओव्हरफ्लोमधून दहा मिनिटं पाणी वाहू द्यावं. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि ओव्हरफ्लोचा जोड नेमका तेवढ्या वेळेपुरताच ओला होतो. इथेच आणखी एक गोष्ट कळते. प्रेशर पंप असलेल्या टॉवरमध्ये टबाचा मोठा नळ इतकं पाणी सोडतो की ओव्हरफ्लोला ते पेलत नाही आणि पाणी चढतच राहतं. तसं झालं तर नळाचा प्रवाह कमी करून घ्यायचा, ओव्हरफ्लोवर विसंबायचं नाही. शेवटी बूच उघडून सगळं पाणी एकदम सोडावं. आता ट्रॅप आणि पुढचा पाइप भरून वाहतो, त्यांची परीक्षा याच वेळी होते.

हीच चाचणी जुन्या गळतीचं निदानही करते. भरलेला टब नुसता उभा असताना ओल येत असेल तर तळाच्या चकतीखालचा वॉशर. पाणी सोडल्यावरच येत असेल तर टी, ट्रॅप किंवा पुढचा जोड. घरातलं एखादंच माणूस आंघोळीला बसल्यावर येत असेल तर ओव्हरफ्लो, कारण शरीर आत गेलं की पाण्याची पातळी चढून ओव्हरफ्लोपर्यंत जाते. आणि फक्त शॉवर घेताना येत असेल तर वेस्ट-ओव्हरफ्लोला हात लावूच नये. टबाच्या काठाशी टाइल आणि टब यांच्यामधलं सिलिकॉन सुटलेलं असण्याची शक्यता सर्वात जास्त. ते पुन्हा भरताना टब पाण्याने भरलेला ठेवावा, म्हणजे टब जितका खाली बसायचा तितका बसलेला असतो आणि नंतर फट उघडत नाही.

आडोशातलं दार करताना गवंडी कुरकुरतो, घरमालकिणीला टाइलच्या रांगेत तुटक चौकोन नको असतो. त्याला सोपा उपाय आहे. त्याच टाइलचा तुकडा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर चिकटवून मागे चुंबक लावले की रेघेत रेघ मिळते. चौकटीच्या कडेला ग्राउट भरायचं नाही, सिलिकॉनची बारीक रेघ द्यायची, ती ब्लेडने कापली की दार निघतं. आडोसा बंद होण्याआधी आतल्या जोडांचा फोटो काढावा, शेजारी मापाची पट्टी ठेवून. त्याची प्रत दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटवावी, त्यावर वेस्ट कोणत्या मापाचा आणि कोणत्या आट्यांचा आहे तेही लिहावं. पुढच्या वेळी वॉशर आणायला जाणाऱ्याला दुकानात विचारायला नेमकं तेवढंच लागतं.